ढाब्यावर राहिलेली हाक

शेकोटीत दोन काटक्या टाक रे सुमेर, आणि तो मोबाईल खिशात घाल. पहाटे धावायचंय म्हणून कुणाला झोपायला जायचं असेल तर त्याने आत्ताच जावं, मध्येच उठून जायची ही गोष्ट नाही. आणि आज सांगतोय ती एवढ्याचसाठी की मोहरसिंग आज मुलीकडे चुरूला गेलाय. तो गावात असताना हे मी तोंडातून काढत नाही.

रोज पहाटे चौकातल्या ज्या दगडी जवानाच्या बुटांना हात लावून तुम्ही धावायला सुटता, तो रिछपाल. मोहरसिंगचा एकुलता एक मुलगा. भरतीत नाव यावं म्हणून तुम्ही त्याला चुरमा चढवता, नवस बोलता, चालू द्या. पण दगडाचा व्हायच्या आधी तो माणूस होता, आणि चांगलाच आळशी माणूस होता. त्याला पळायला मीच न्यायचो. मी फाटकाशी उभा राहून शिट्या मारतोय, आतून सरबती, म्हणजे त्याची आई, हाका मारतेय, आणि हा गोधडीत मुटकुळं करून पडलेला. पहिल्या हाकेला तो कधी हलला नाही. दुसऱ्या हाकेला कूस बदलायचा. मग झोपेतच म्हणायचा, ‘उठलोय गं माई,’ आणि परत घोरायला लागायचा. सरबती मला म्हणायची, भाऊजी, याला पलटणीत कोण उठवणार? मी म्हणायचो, तिथे बिगूल आहे, तिथे तुझे लाड नाहीत.

तर तो भरती झाला, फौजी हवालदाराचा मुलगा शेवटी. वर उत्तरेला बर्फात त्यांची चौकी होती. एका रात्री डोंगर खाली आला आणि चौकीतली पाचसहा मुलं आत गेली. एका मुलखातली नव्हती ती. कुणी केरळचा, कुणी कोल्हापूरकडचा, कुणी पार पूर्वेचा, आणि एक आपला. बर्फ उपसायला बरेच दिवस लागले. मग एके दिवशी तिरंग्यात गुंडाळलेली पेटी गावात आली. तुम्ही तेव्हा लहान होता, घोषणा द्यायला पुढे होता, आठवत असेल. पेटी बंद होती.

सरबतीने एकच गोष्ट मागितली. पैसा नको, जमीन नको, पुतळा नको, मला एकदा तोंड बघू द्या. बायकांनी तिला धरून ठेवलं होतं. मोहरसिंग म्हणाला, आधी मी बघतो. बैठकीच्या खोलीत तो आणि पेटी, आणि पेटीबरोबर आलेला एक तरुण सुभेदार, एवढेच. सुभेदार म्हणाला, ताऊ, तुमचा हक्क आहे, म्हणाल तर उघडतो, पण माझं ऐकाल तर राहू द्या. मोहरसिंगने झाकणावर हात ठेवला. नुसता ठेवला. हे त्याने मला फार मागाहून सांगितलं. आपण दोन लढाया बघितलेला माणूस, पण हात तिथून पुढे सरकेना. मग तो बाहेर आला आणि बायकोला म्हणाला, ‘बघितलं. आपलाच आहे. झोपल्यासारखा दिसतोय.’

सरबतीने विश्वास ठेवला. लग्नाला तीस वर्षं झालेली, नवरा कधी खोटं बोललेला नाही, का नाही ठेवणार? पेटी तशीच चितेवर चढली. तिने मग फक्त एवढंच विचारलं की झोपल्यासारखा म्हणजे कसा, कुशीवर का उताणा? मोहरसिंग म्हणाला, कुशीवर.

आता अस्थी न्यायच्या. नेणाऱ्याने कसं जायचं असतं ते तुम्हाला माहीत आहे, निदान असायला हवं. गाठोडं गळ्यात, ते जमिनीला टेकवायचं नाही, मागे वळून बघायचं नाही, आणि ज्याला नेतोय त्याच्याशी बोलत बोलत जायचं. गाडी आली की सांगायचं, चल, गाडीत बस. पूल आला की सांगायचं, पूल आलाय, सांभाळून. चहा घेतला की पहिला घोट त्याला. उतरलं की हाक, चढलं की हाक. नाहीतर तो बिचारा जिथे हाक चुकली तिथेच उभा राहतो. त्याला पुढचा रस्ता दिसत नाही. तो दुसऱ्या कुणाच्या हाकेवर येत नाही.

निघताना सरबती फाटकापर्यंत आली. नवऱ्याला म्हणाली, ‘रिछूचे बापू, एका हाकेवर राहू नका. तुम्हाला त्याची सवय माहीत आहे. पुन्हा पुन्हा हाक मारा. लाजू नका.’

जानेवारीतली अमावस्या होती, वार गुरुवार. झुंझुनूहून हरिद्वारला थेट बस जाते, ती मोहरसिंगने संध्याकाळी धरली. दोन तिकिटं मागितली. कंडक्टर आपल्याकडचाच, गळ्यातलं गाठोडं बघून काही न विचारता दोन फाडली. खिडकीची जागा रिछूला दिली आणि स्वतः कडेला बसला. ‘बस रे, पाय पसर,’ असं हळूच म्हणाला. लोहारू गेलं तसं सांगितलं, लोहारू आलं. रोहतक आलं तसं सांगितलं. तिथे एक जाडजूड शेटजी चढला आणि रिकामी जागा दिसली म्हणून मोहरसिंगला ओलांडून धपकन बसला. बसला तसाच उठला. धोतर झटकत म्हणाला, अहो ही सीट ओली आहे, बर्फासारखी गार लागतेय. आणि मागे जाऊन उभा राहिला. दिल्लीपर्यंत उभा राहिला, पण परत बसला नाही.

मोहरसिंगला भीती वाटली नाही. उलट बरं वाटलं. मुलगा बरोबर आहे, शेजारी आहे. त्याने मला सांगितलं, नेतराम, लहानपणी खाटूच्या जत्रेला त्याला असंच बसमधून नेलं होतं, तसं वाटलं मला. अर्धी दिल्ली त्याला दाखवत गेलो.

मुजफ्फरनगर मागे पडलं आणि धुकं असं उतरलं की बसचा दिवा चार हातांवर संपायचा. ड्रायव्हरने एका ढाब्यावर गाडी घेतली. मोहरसिंग हाक मारून उतरला, चहा घेतला, पहिला घोट जमिनीवर ओतला आणि म्हणाला, ‘घे, गरम आहे.’ शेजारच्या खाटेवर शहरातली चार पोरं बसली होती, तुमच्याच वयाची. एकजण म्हणाला, अंकल, कुणाशी बोलताय, कानात मशीन आहे का? दुसरा म्हणाला, मशीन नाही, अंकलची मैत्रीण चहात राहते. हसले सगळे. तिसऱ्याने मोबाईल वर धरला. गळ्यातलं गाठोडं शालीखाली होतं, त्यांना दिसलं नव्हतं. दिसलं असतं तर हसले नसते, पोरं काही वाईट नव्हती.

पण मोहरसिंगला शरम वाटली. ज्या माणसाने साहेबापुढेही मान खाली घातली नाही, त्याला त्या मोबाईलपुढे शरम वाटली. तो मला म्हणाला, ‘पोटच्या पोराशी बोलायची शरम वाटली मला, नेतराम. मेलेल्या पोराची.’ तेवढ्यात ड्रायव्हरने भोंगा वाजवला. पोरं बघतायत म्हणून मोहरसिंग गुपचूप उठला. गुपचूप चालत गेला. गुपचूप बसमध्ये चढला.

बस निघाली. थोड्या वेळाने एक बाई पोराला कडेवर घेऊन पुढे आली आणि म्हणाली, बाबा, ही जागा रिकामी आहे का? ‘आहे’ म्हणायच्या आधीच ती आत सरकून बसली. छान टेकून बसली. पोराला मांडीवर घेतलं. पोर झोपलं.

मोहरसिंगने सीटवर हात ठेवला.

कोरडी होती.

तेव्हा त्याच्या लक्षात आलं. तो असा ओरडला म्हणे की सगळी बस जागी झाली. गाडी थांबव, माझा मुलगा मागे राहिला. ड्रायव्हर म्हणाला, या धुक्यात मी गाडी वळवणार नाही, मागून ट्रक येऊन बसेल. कुणीतरी विचारलं, मुलगा केवढा आहे? मोहरसिंगने शाल बाजूला केली आणि गाठोडं दाखवलं.  कंडक्टरने दार उघडलं. म्हणाला, ताऊ, सकाळपर्यंत थांबा, उजेडात जा. पण हा उतरला होता.

एका बाजूला कालवा, दुसऱ्या बाजूला ऊस, आणि मधे तो रस्ता. मोहरसिंग ढाब्याकडे परत चालत निघाला. हाका मारत निघाला. ‘रिछू, चुकलं रे माझं. रिछू, इथेच थांब, आलो मी.’ ट्रक अंगावर यायचे आणि भोंगा देऊन निघून जायचे. किती चालला ते त्यालाही सांगता येत नाही. पायातल्या चपला कुठे गेल्या तेही कळलं नाही.

ढाबा आला तेव्हा चुली विझल्या होत्या. खाटा उलट्या घातल्या होत्या. चहा ओतला होता ती जागा त्याने शोधली. तिथे उभा राहून हाक मारली. ‘रिछू.’ मग जरा मोठ्याने. मग आणखी मोठ्याने. ढाब्याच्या मागे जाऊन मारली, पंपापाशी जाऊन मारली. आतून कुणीतरी शिवी दिली, झोपू दे म्हाताऱ्या. मोहरसिंग पंपाशी बसला आणि ढसाढसा रडला. पेटी आली तेव्हा तो रडला नव्हता.

बसून काय होणार? त्याने विचार केला, आपण हरिद्वारच्या रस्त्याला लागू, हाक मारत जाऊ, जिथे असेल तिथून येईल. ‘चल रिछू,’ म्हणाला, आणि निघाला.

थोडा पुढे गेला. आणि मागे...

पाऊल वाजलं.

तो थांबला. पाऊल थांबलं. बुटाचं पाऊल होतं. जन्म पलटणीत गेलेल्या माणसाला ते ओळखायला वळून बघावं लागत नाही. मोहरसिंगच्या छातीवरचा डोंगर उतरला. ‘आलास का रे रिछू? चल बाळा. आता हाक चुकणार नाही.’ आणि तो चालायला लागला.

मागे काहीच नाही.

‘रिछू?’

काहीच नाही.

तो दहावीस पावलं मुकाट चालला. मग पुन्हा वाजलं. टप... टप... त्याच्याच चालीने. ‘रिछू,’ तो म्हणाला. थांबलं. तो मुकाट चालला. वाजायला लागलं. ‘रिछपाल मोहरसिंग,’ तो पुरं नाव म्हणाला. थांबलं.

नाव घेतलं की थांबत होतं.

मानेवर गारवा आला. थंडी तर होतीच, पण ती चहूकडून होती. हा गारवा फक्त मागून होता. कुणीतरी बर्फ पाठीशी धरून चालावं तसा.  काय करावं कळेना. मग तोंडातून आपोआप निघालं, आयुष्यभर जे निघायचं ते. हळूच म्हणाला, ‘जवान... तेज चल.’

बूट खाडकन उचलले गेले.

‘थम.’

थांबले. एक-दोन. दोन्ही टाचा जुळल्या.

पोरांनो, हुकूम सगळ्या पलटणींत एकच असतो. केरळचा असो, कोल्हापूरचा असो, नागा असो, हुकूम त्याला कळतो. घरात आई कुठल्या भाषेत बोलते त्याला तिथे किंमत नाही. पण नाव... नाव ज्याचं त्याचं असतं.

हुकमाला चालतो. नावाला थांबतो.

मोहरसिंगला तिथे उभ्याउभ्या ते झाकण दिसलं. त्यावर ठेवलेला स्वतःचा हात दिसला. सरबती दिसली. कुशीवर का उताणा? कुशीवर. गळ्यातलं गाठोडं त्याने दोन्ही हातांनी धरलं. आतली हाडं हातांना लागली. इतके दिवस ती त्याच्या मुलाची होती.

मागे वळून बघायचं नसतं. पण त्या घडीला त्याला वाटलं, वळावं. एकदाच बघावं. पेटीत बघितलं नाही ते आता बघावं. मान अर्धी वळलीसुद्धा... आणि परत तेच. हात पुढे सरकला नव्हता, आता मान सरकेना. मग त्याला राग आला. भीतीतूनच आला असेल, पण भयंकर राग आला. रस्त्याकडे बघत, मागच्याला म्हणाला, ‘तू माझा नाहीस. माझ्या मुलाच्या जागेवर बसून आलास. त्याचा चहा प्यायलास. त्याला कुठे टाकून आलास? जा. जा इथून. तुझा माझा काही संबंध नाही.’

काही नाही.

मग बूट वळले. मोहरसिंगने ते ऐकलं. वळले, आणि लांब जायला लागले. सावकाश. एक पाय घासत. उसाच्या बाजूला... टप... आणि मग घासल्याचा आवाज... टप...

तो आवाज ऐकत मोहरसिंग उभा राहिला. त्याला आपलं घर आठवलं. मग आपोआप दुसरं घर आठवलं, जे त्याने कधी बघितलं नव्हतं. तिथेही एक पेटी गेली असणार. तिथेही एका बाईने तोंड बघायचं म्हणून हात जोडले असणार. तिथेही कुणीतरी झाकणावर हात ठेवून बाहेर आला असणार आणि म्हणाला असणार, बघितलं. आणि इथे तिचा मुलगा परक्या मुलखात, परक्या भाषेत, परक्या नावाच्या हाका ऐकत बसमधून आला. एवढी एक सोबत मिळाली होती त्याला. ती पण त्याला जा म्हणाली.

मोहरसिंग ओरडला. ‘थांब.’

आवाज थांबला. पार लांब, धुक्यात.

‘बाळा... तुझं नाव मला ठाऊक नाही रे. तुझी आई ज्या नावाने बोलवत असेल ना, त्या नावाने मी बोलावतोय असं समज. ये. रुसू नकोस. मी म्हातारा आहे, मला कळलं नाही. ये, मी नेतो तुला.’

काही नाही.

‘ये रे.’

काही नाही... काहीच नाही. कालव्याचं पाणी तेवढं वाजत होतं. मोहरसिंग म्हणतो, तेव्हा त्याला वाटलं की आता दोन्ही गेले. आपला तर गेलाच होता, हाही गेला. दोन पोरं आपण एका रात्रीत रस्त्यावर सोडली. त्याने डोळे मिटून घेतले.

आणि मानेवर गारवा आला.

पुढे रस्त्यावर एक ट्रक थांबला. ड्रायव्हर उसाच्या कारखान्यावरून परत निघाला होता, रुडकीकडचा कुणी इर्शाद नावाचा. अनवाणी म्हातारा दिसला म्हणून थांबला. मोहरसिंग वर चढला आणि मागे न बघता म्हणाला, ‘चल बाळा, ट्रकमध्ये बस.’ ट्रक निघाला. थोड्या वेळाने इर्शाद म्हणाला, ‘चाचा, तुमच्या फौजीला मागे उघड्यावर का उभं केलंत? थंडीने मरेल तो. आत बोलवा की, जागा आहे.’

 मोहरसिंगने आधी काय विचारावं? त्याने विचारलं, ‘कसा दिसतोय?’

इर्शाद हसला. तुमचा माणूस आणि मला विचारताय? पण त्याने बाजूच्या आरशात पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग हसू गेलं.  पुढचा सगळा रस्ता तो तोंडातल्या तोंडात दुवा म्हणत राहिला. हरिद्वारला उतरताना फक्त एवढं म्हणाला, ‘मान खाली घालून उभा होता, चाचा.’

घाटावर पंड्याने विचारलं, नाव? मोहरसिंग म्हणाला, फौजी लिहा. गोत्र? तो थांबला. मग म्हणाला, आमचंच घाला. पंडा कुरकुरला, असं चालत नाही. मोहरसिंगने त्याच्याकडे असं काही बघितलं की पंड्याने मंत्र सुरू केले. गाठोडं पाण्यात सोडताना तो म्हणाला, ‘जा बाळा. आई भेटली नाही, गंगा आहे.’ पाणी नेहमीसारखं वाहत होतं. मागचा गारवा गेला. मोहरसिंग म्हणतो, तो गेल्यावर मला फार एकटं वाटलं.

आता घरी काय सांगायचं? बसमध्ये परत येताना रात्रभर तो हाच विचार करत होता. खरं सांगावं तर सरबती जगणार नाही. तिचा मुलगा कुठे आहे? बर्फात आहे? कुणाच्या पेटीत गेला? कुणी हाक मारली का त्याला? एवढ्या प्रश्नांत ती बाई वेडी झाली असती. त्याने ठरवलं की आता एक खोटं बोललोय तर दुसरंही बोलायचं. सुखाने गेला म्हणायचं.

शनिवारी दिवस उजाडताना तो घरी पोचला. सरबती फाटकाच्या आतल्या बाजूला जमिनीवर बसली होती, घोंगडी पांघरून. थंडीत काळीनिळी पडली होती. रात्रभर तिथेच बसली असावी. मोहरसिंगने पायातल्या वहाणा काढल्या, हरिद्वारला नव्या घेतल्या होत्या, आणि गंगाजळाचा तांब्या तिच्यापुढे ठेवला. म्हणाला, ‘सोडलं. सुखाने गेला.’

सरबतीने वर बघितलं. म्हणाली, ‘कोण?’

मोहरसिंगने तांब्या जरा आणखी पुढे सरकवला.

‘तुम्ही पेटी उघडून बघितलं नव्हतंत,’ ती म्हणाली. तिने ते विचारलं नाही, सांगितलं. आवाज चढवला नाही. मोहरसिंग तिच्यापुढे मटकन बसला आणि त्याने सगळं सांगितलं. झाकण, ढाबा, रस्ता, बूट, सगळं.  ऐकून झाल्यावर सरबतीने फक्त एवढं विचारलं की त्या मुलाला थंडी वाजत होती का? मोहरसिंग म्हणाला, हो. तेव्हा ती रडली. स्वतःच्या मुलासाठी रडत होती की त्या मुलासाठी ते तिलाही माहीत नसेल.

मग तिने सांगितलं. गुरुवारी रात्री, म्हणजे त्याच रात्री, फाटक वाजलं. कुत्रं भुंकलं नाही. अंगणात बूट वाजले. एकाचे नाही वाटले, दोघांचे वाटले. एक घरातला असल्यासारखा चालत होता, दुसरा परक्या घरी आल्यासारखा, एक पाय घासत. सरबती गोधडीत डोळे उघडे ठेवून पडून राहिली. उठली नाही. तिला वाटलं, मी उठले तर जाईल. थोड्या वेळाने एकाचेच बूट परत गेले. फाटक वाजलं.

‘सकाळी बघितलं,’ ती म्हणाली. ‘घरात आणायचं नसतं म्हणून हात लावला नाही. तुम्ही येईपर्यंत राखत बसले.’

आणि तिने बोट केलं. फाटकाच्या खांबाला, मोहरसिंग आत येताना ज्या बाजूला त्याची पाठ होती तिथे, एक गाठोडं लटकत होतं.

मला त्यांनी बोलावून घेतलं म्हणून मी गेलो. ते मी या डोळ्यांनी बघितलंय. गाठोडं अस्थींचं होतं, ते हात न लावताही कळत होतं. सरबती म्हणाली, भाऊजी, उद्या आम्ही दोघं हे घेऊन जाणार, मीच हाका मारीन. मोहरसिंगने मान हलवली. मी गाठोड्याजवळ गेलो. कापड लाल नव्हतं, आपण बांधतो तसं. पांढरं सुती कापड होतं, आणि दोन्ही टोकांना लाल दोऱ्याची वेलबुट्टी विणलेली. माझी तीन वर्षं तिकडे पार पूर्वेला, आसामात गेलीत. तिथे आई आपल्या हाताने मागावर असा गमछा विणते आणि मुलगा पलटणीत जायला निघाला की त्याच्या गळ्यात घालते. आपल्या पंचक्रोशीत कुणाच्या घरी असलं कापड नाही, कुणी ते आणून टांगावं असं कुणी तिकडे गेलेलंही नाही. गमछा नवा होता, एकदाही न वापरलेला. आणि गाठ इतकी जपून मारलेली होती, की गंगेवर ती सोडायला सरबतीला दात लावावे लागले.